‘ओळखलंत का मला?’ विचारणाऱ्या काकांना अनावृत पत्र

तीर्थस्वरूप काकांस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी आपण वेळात वेळ काढून आईला भेटायला आलात, त्याबद्दल आम्ही सारे आपले ऋणी आहोत. तिला अल्झायमर आहे हे डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. फक्त आपली खात्री पटायची राहिली होती. ती आपण चपला काढता काढता करून घेतलीत : ‘वहिनी, सांगा बघू, मी कोण?’

आई हसली. ‘या, बसा, चहा घेणार ना?’ म्हणाली. एवढ्या स्वागतावर दुसरा कुणी बसला असता. आपण बसला नाहीत. ‘ते राहू द्या, आधी नाव सांगा!’ इतका कडक परीक्षक दहावीच्या बोर्डालासुद्धा मिळायचा नाही.

शिवाय प्रश्न काय नेमका निवडलात! ओळख पटणं हे मेंदूचं एक काम नाही, कामांची रांग आहे. विकी ब्रूस आणि अँडी यंग या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली ती मांडून दाखवली. आधी चेहऱ्याची ठेवण वाचायची, मग तो ओळखीचा वाटायचा, मग हा माणूस आपला कोण, काय करतो, कुठे भेटतो हे आठवायचं, आणि नाव सगळ्यांत शेवटी. त्याच्या आदल्या वर्षी यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ जणांना ओळखीतल्या चुकांची डायरी लिहायला लावली होती. हजाराच्या आसपास प्रसंग जमले. माणूस कोण ते पक्कं ठाऊक आणि नाव काही केल्या आठवेना, असं पुष्कळदा घडलं होतं. नाव आठवतंय पण माणूस कोण ते ठाऊक नाही, असं एकदाही नाही. धडधाकट माणसाकडूनही जे सगळ्यांत आधी निसटतं, तेच आपण आजारी बाईकडे मागितलंत. दाद द्यावी तेवढी थोडीच.

आपण तिला मदतही केलीत, ती कशी विसरू? चष्मा काढलात, चेहरा तिच्या तोंडाजवळ नेलात, ‘नीट बघा की!’ म्हणालात. काका, तिला दिसत होतं. मेंदूच्या तळाशी, विशेषतः उजव्या बाजूला, चेहरे पाहिले की खास कामाला लागणारा एक भाग आहे. नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याला ‘फ्युसिफॉर्म फेस एरिया’ असं नाव दिलं. पण चेहरा वाचता येणं वेगळं आणि त्या चेहऱ्यामागचं सगळं आयुष्य हाताशी येणं वेगळं. आईचा आजार मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीवर घाला घालतो. आपण कितीही जवळ आलात तरी तिथे काही उजेड पडत नाही. ती फक्त घाबरते. घाबरलीच.

मग चहा आला. तेव्हा आई मला काय म्हणाली ते आपल्या कानावर आलं नसेल, कारण आपण बाबांना मोठ्याने सांगत होतात, ‘गेल्या, वहिनी गेल्या. आता काही राहिलं नाही.’ तिच्यासमोर. आई म्हणाली होती, ‘यांच्या चहात साखर घालू नकोस गं.’

आपला मधुमेह तिला आठवत होता, काका. नाव नव्हतं, आपण होतात.

आणि ओळख नेहमी शब्दांतूनच येते असंही नाही. आयोवातल्या डॅनियल ट्रॅनेल आणि अँटोनिओ दमासिओ यांनी १९८५ साली दोन रुग्णांना फोटो दाखवले. त्यांचा आजार आईचा नव्हे, मेंदूला इजा होऊन चेहरे ओळखण्याची शक्तीच गेली होती. ओळखीच्या माणसांचे चेहरेही दोघांना अनोळखीच वाटत होते. पण त्वचेतला विजेचा प्रवाह मोजला, तर ओळखीच्या चेहऱ्यांना हाताची त्वचा जास्त प्रतिसाद देत होती. तोंड नाही म्हणत होतं आणि हात हो म्हणत होता. आईने आपला हात धरला होता. आपण तो सोडवून घेतलात, मोबाईल काढायचा होता ना.

जाताना आपण मला मोठा धीर दिलात : ‘त्यांना काय, पाच मिनिटांत सगळं विसरतील.’ आपलं म्हणणं निम्मं खरं आहे. आयोवा विद्यापीठातच २०१४ साली अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखी आणि आनंदी दृश्यं दाखवून पाहिली. काय पाहिलं ते लवकरच पुसलं गेलं. दुःख मात्र उरलं, आणि ज्यांना दृश्यं कमी आठवत होती त्यांच्या मनात ते जास्त रेंगाळलं. त्या संध्याकाळी आई जेवली नाही. का, ते तिला सांगता येईना. आपण येऊन गेलात हेही आठवेना. ‘माझं काहीतरी चुकलंय का गं?’ एवढंच विचारत राहिली.

तरी आपण पुन्हा यावं ही मनापासून विनंती आहे, आणि यात वरच्यासारखा काही टोला नाही. तिला माणसं हवी असतात. दारातच सांगा, ‘वहिनी, मी आलोय,’ आणि पाठोपाठ स्वतःचं नाव, गाव, नातं सगळं सांगून टाका. मग बसा. आपल्या लग्नातल्या पंगतीचा विषय काढा. ती बोलेल. एखादा तपशील चुकला तर चुकू द्या. मला ती कधी कधी स्वतःच्या मोठ्या बहिणीच्या नावाने हाक मारते, मी ‘ओ’ देते.

कळावे, लोभ असावा.

आपली पुतणी

ता. क. : आई नाव आठवताना अडखळते, ती चित्रफीत आपण घरच्या ग्रुपवर टाकलीत, खाली हसणारी तोंडं आली. कृपया ती आजच्या आज काढावी, आणि ज्यांना पुढे पाठवलीत त्यांनाही काढायला सांगावी. चित्रण करू का, असं आपण तिला विचारलं नव्हतं. तिने ‘नको’ म्हटलं असतं, तेवढं तिला अजून कळतं.