गाडी कुठल्या पासिंगची?

मुंबई-आग्रा रस्त्यावर धुळ्याच्या पुढे ट्रकांच्या पाट्या वाचत बसण्यासारखी करमणूक नाही. एमएच, जीजे, एमपी, आरजे हे ओळीनं येतातच. मध्येच एनएल-01 येतो. आत कांदा नाशिकचा, ड्रायव्हर राजस्थानचा, मालक आणखी तिसरीकडचा आणि गाडी कोहिमाची! कोहिमा कसं आहे म्हणून ड्रायव्हरला विचारलंत, तर तो सांगेल, ‘आरसी बुकात बघा, तिथंच आहे.’

2011 च्या जनगणनेत नागालँडची लोकसंख्या वीस लाखही भरली नाही. तिथल्या पाट्या लावून देशभर फिरणारे ट्रक पाहिले की नागा लोकांना वाहतुकीशिवाय दुसरा उद्योगच नसावा असं वाटतं. कारण साधं आहे. नॅशनल परमिटची फी देशभर सारखीच, वर्षाला साडेसोळा हजार आणि वर अधिकारपत्राचे हजार. रोड टॅक्स मात्र ज्याचं त्याचं राज्य ठरवतं, आणि नागालँड त्यात हात राखून आहे. ट्रकनं जन्मभूमी निवडली तर त्याला नावं का ठेवावीत? आपल्या पोराला डोमिसाइलसाठी पंधरा वर्षांचे पुरावे गोळा करताना घाम फुटतो. गाडीचं एका एनओसीवर भागतं.

कायद्याचं म्हणणं वेगळं आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 40. मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी एरवी जिथे ठेवतो, तिथे ती नोंदवावी. ठेवतो! हे लिहिणाऱ्यानं ट्रक धंद्यातला माणूस लांबूनही पाहिला नसणार. ट्रक आज वाशीच्या मार्केटात, चार दिवसांनी कोलकात्यात. एका जागी ठेवलेला ट्रक म्हणजे बँकेचे हप्ते थकलेला ट्रक. कलम 47 तर सांगतं की, गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली तर तिला तिथला नंबर घ्या. इतका काळ एका राज्यात कोण थांबतो? मुंबई-गोवा महामार्गावर शिरलेल्या परराज्यातल्या गाड्यांनी मात्र कॅलेंडरवर नजर ठेवलेली बरी.

पूर्वी हे सगळं आणखी रंगतदार होतं. परमिट घरच्या राज्यासह किमान चार लगतच्या राज्यांचं, आणि प्रत्येक राज्याच्या नावानं निराळा डिमांड ड्राफ्ट. 2010 मध्ये एकच फी भरून देश मोकळा झाला. गाडीचा रंगही नियमानं ठरलेला असे: वाळक्या पानाचा तपकिरी. परिवहन खात्याच्या नियमावलीतली ही बहुधा एकमेव कविता. दोन्ही बाजूंना साठ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आणि त्यात ‘नॅशनल परमिट’, म्हणजे नाक्यावरच्या साहेबाला लांबून कळावं की येणारी गाडी नियमात आहे. साहेबांचा अशा गाडीवर विशेष जीव. नियमातल्या गाडीची ‘एंट्री’ जास्त की नियमाबाहेरच्या, हा जाणकारांच्या वादाचा विषय आहे. 2017 ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले. आरटीओचे बसून राहिले. मध्य प्रदेशानं आपले बंद केले ते थेट जुलै 2024 मध्ये. सेंधव्याचा नाका नसलेला आग्रा रोड ही कल्पना जुन्या ड्रायव्हरांना अजून पचलेली नाही.

2021 मध्ये केंद्रानं ‘बीएच’ पाटी काढली. बीएच म्हणजे भारत. राज्य बदललं तरी नंबर तोच. वाटलं, आता ट्रकाचे पांग फिटले. पण ही पाटी खासगी गाड्यांना. केंद्र-राज्याचे नोकर, लष्करी माणसं आणि चार राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांचे कर्मचारी यांना. म्हणजे रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी जाणारी गाडी भारताची आणि काश्मीरची सफरचंदं बंगळुरूला उतरवणारी नागालँडची.

आंतरराज्य प्रवासात खरी प्रगती केली ती आपल्या आमदारांनी. जून 2022 मध्ये सुरत, गुवाहाटी, गोवा आणि परत मुंबई. घरचं राज्य धरून बरोबर चार भरतात, फक्त आसाम लगत नाही, एवढीच त्रुटी. ना परमिट, ना मूळ मालकाची एनओसी. गुवाहाटीपर्यंत गेलेच होते तर तसेच पुढे दिमापूरला जाऊन पासिंग बदलून आले असते. पण गरज पडली नाही. पुढे नंबरप्लेटसकट गाडी त्यांच्याच नावावर झाली.