कार्यालयीन वेळेत रक्तात हजर राहण्याबाबत

प्रति,
श्री. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, हत्तीरोगाचे कृमी (सहकुटुंब),
लसिकावाहिन्या, जांघ विभाग,
मु. पो. पूर्व विदर्भ.

महोदय,

आपली पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसभर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत लोळत पडतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास माणसाच्या बोटांच्या टोकापर्यंत फेरफटका मारायला येतात, असं निदर्शनास आलं आहे. आमची प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होते. तरी आपण सकाळी दहा ते पाच (जेवणाची सुट्टी वगळून) रक्तात हजर राहावं, ही विनंती.

आपली अडचण कळते. आपलं वाहन क्युलेक्स डास, तो रात्रीचा चावतो, म्हणून आपणही रात्रीचे निघता. पण त्यापायी आमच्या आरोग्यसेवकाची काय वरात निघते! हातात टॉर्च, पिशवीत काचपट्ट्या, मागे गल्लीतली सगळी कुत्री. दार ठोठावलं की आतून आवाज येतो, "झोपलेल्या माणसाचं रगत कायले पायजे जी?" तो समजावेपर्यंत आतला दिवा बंद. मग रकाना भरायचा तर सकाळचं रक्त सोयीचं वाटू लागतं. त्यात आपण सापडत नाही, आणि गाव कागदावर ठणठणीत होतं.

शिवाय आपण लबाडही आहात. हत्तीसारखा पाय झालेला माणूस तपासणीला येतो, तेव्हा त्याच्या रक्तात आपली पिल्लं बहुधा नसतातच. आणि ज्याच्या रक्तात त्यांची जत्रा भरलेली असते तो धडधाकट गडी आशाताईंना विचारतो, "मले काय झालं, का मी गोळ्या खाऊ?" थेंबभर रक्तावर, दिवसाउजेडी, दहा मिनिटांत आपला माग सांगणारी पट्टी आता निघाली आहे. पण ती बहुतेक सर्वेक्षणाच्या पेटीतूनच फिरते. ताप आणि जांघेत गाठ घेऊन ओपीडीत आलेल्याला मिळते ती तापाची गोळी.

गोळ्यांचं तर विचारूच नका. डीईसी, अल्बेंडाझोल आणि जिथे तिहेरी मोहीम आहे तिथे उंची मोजून आयव्हरमेक्टिन. समोर खाऊन घ्यायच्या, असा नियम. "ठेवा ताई, जेवून खातो," असं म्हणून घरधनी त्या देवघराच्या फळीवर ठेवतो. तिथे त्या उदबत्तीच्या पुड्याशेजारी पुढच्या मोहिमेपर्यंत सुखरूप राहतात. जे खरोखर गिळतात त्यांच्या अंगात आपली पिल्लं मरतात, मरताना ताप आणि डोकेदुखी देऊन जातात, आणि आळीभर बोभाटा होतो तो गोळ्या बाधल्याचा! एवढा स्वस्त प्रचार आमच्या आरोग्य विभागाला आजवर जमला नाही.

आपल्यामुळे होणाऱ्या अंडवृद्धीबद्दल लिहायला संकोच वाटतो. तोच आपल्या पथ्यावर पडतो. ऑपरेशनने ती बरी होते. पण त्यासाठी आधी केसपेपर काढणाऱ्या बाईंना कुठे दुखतं ते सांगावं लागतं. त्यापेक्षा माणूस धोतर सैल नेसतो, पंगतीत कडेला बसतो आणि वर्षं काढतो. पायाच्या रुग्णाला आम्ही टब, मग, टॉवेल आणि साबण देतो, रोज पाय धुऊन कोरडा करायला सांगतो. उपाय चांगला आहे. फक्त नळाला पाणी यायला हवं.

आपला डासांशी असलेला संबंध पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधल्या अमॉय इथे 1877 मध्येच उघड केला. डीईसी 1947 पासून हाताशी आहे. 2002 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आपल्याला 2015 पर्यंत घालवायचं ठरवलं, 2017 च्या धोरणाने 2017 पर्यंत, आता 2027 ठरलं आहे. आपलं आयुष्य सहा ते आठ वर्षांचं. आमच्या मुदतवाढींवर आपल्या पिढ्या कशा सुखाने पोसल्या जातात, हे आपणच जाणता.

तरी वरील वेळेत हजर व्हावं. न आल्यास आपण अस्तित्वातच नाही असं गृहीत धरून अहवाल वर पाठवला जाईल.

आपला,
पूर्व विदर्भातला एक यजमान

प्रत: 1) क्युलेक्स डास, 2) त्यांना वाट देणारी सेप्टिक टाकीच्या पाइपवरची फाटकी जाळी, माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी.