मामांचं वेळापत्रक

बहरीन एका दिवसात पाहून होतो, असं इथे राहणारा कोणीही सांगेल, आणि येणारा एकही पाहुणा ते मानणार नाही. देशाचं क्षेत्रफळ साधारण 780 चौरस किलोमीटर. आमचे मामा सांगलीचे. तो जिल्हा साडेआठ हजारांच्या वर. म्हणजे सांगली जिल्ह्यात दहा बहरीन बसून जातील आणि अकरावा उभ्याने. हा हिशेब माझा नाही, मामांचाच. ते एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले आहेत आणि जगातली कुठलीही गोष्ट ते आधी बसून किती, उभ्याने किती अशीच मोजतात.

मामा म्हणजे माझे मामेसासरे. मुलांनी त्यांना आणि मामींना दुबईहून सुटणाऱ्या क्रूझची तिकिटं काढून दिली. जहाज बहरीनला सकाळी लागणार, संध्याकाळी सुटणार, पुढचा अख्खा दिवस समुद्रात आणि त्याच्या पुढच्या सकाळी दोहा. कार्यक्रमपत्रिकेतला 'दिवस समुद्रात' हा मजकूर वाचल्यापासून मामांची झोप उडाली. मग माझीही उडाली, कारण मामा पहाटे पाचला उठतात, आणि सांगलीत पाच वाजतात तेव्हा इथे बहरीनमध्ये, झिंज भागातल्या आमच्या घरी, रात्रीचे अडीच असतात.

"अगं, मधे एकही थांबा नाही, मग हे जहाज दिवसभर फिरतं कुठे?"

"मामा, ते समुद्रातच असतं. लोक डेकवर बसतात, खातात, पोहतात."

"म्हणजे खोळंबा. आपण असं करू, तुमच्याकडे उतरू आणि दोह्याला जमिनीवरून जाऊ. जहाज लागेल तेव्हा आपण फलाटावर हजर."

त्या क्षणी 'आपण' या शब्दात माझा नवरा, आमची गाडी आणि ऑफिसातली दोन दिवसांची रजा कधी बसवली गेली, ते आम्हाला कळलंही नाही.

तसं पाहिलं तर कल्पना वेडगळ नव्हती. एका बंदरात उतरायचं, आतला मुलूख बघायचा आणि पुढच्या बंदरात तेच जहाज गाठायचं, असं हौशी प्रवासी करतात. मुंबईला उतरून ताजमहाल बघून कोचीला जहाज पकडणारे गोरे आजी-आजोबा असतात. पण त्यांचं सगळं कंपनीने आखलेलं असतं. आमचं मामांनी आखलं.

चार दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर वेळापत्रक आलं. फुलस्केपवर पट्टीने रकाने आखलेले, अक्षर मोत्यासारखं, वर ठसठशीत मथळा: 'मनामा–दोहा, मार्गे दम्माम, होफुफ, सल्वा'. बहरीन आणि कतार नकाशावर इतके जवळ दिसतात की हाक मारली तर ऐकू जाईल. पण दोघांमध्ये पूल नाही. त्यामुळे गाडीने दोह्याला जायचं तर आधी उलट्या दिशेला सौदीत शिरायचं, मग दक्षिणेला उतरायचं आणि मग कतारमध्ये चढायचं. मामांना याचं काहीच वाटलं नाही. ज्या माणसाने सरळ गावाला आडवळणाच्या गाड्या सोडण्यात हयात घालवली, त्याला हा मार्ग घरचाच वाटला.

पहिला टप्पा किंग फहद कॉजवे, 1986 साली सुरू झालेला, सुमारे पंचवीस किलोमीटरचा पूल. मधल्या बेटावर दोन्ही देशांचे पासपोर्ट आणि कस्टमचे सोपस्कार. मामांनी तिथे लिहिलं होतं, '10 मिनिटे, चहासह'. मी कळवलं की आठवड्याच्या सुट्टीत, म्हणजे इथल्या शुक्रवार-शनिवारी, या पुलावर गाड्यांच्या अशा रांगा लागतात की चहाच काय, जेवणही उरकावं. मामांचं उत्तर आलं, "मग जादा गाडी सोडत नाहीत का?"

दुसरा टप्पा अल-हसा. इथे मात्र मामांचा अभ्यास पाहून मी गप्प झाले. जगातलं सगळ्यात मोठं मरूद्यान, पंचवीस लाख खजुराची झाडं, 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत, कारा डोंगरातल्या थंडगार गुहा, होफुफचा कैसरिया बाजार. आम्ही इतकी वर्षं तासा-दोन तासांच्या अंतरावर राहून यातलं काही पाहिलेलं नाही. होफुफला पहिला मुक्काम, आणि त्याच्यासमोर शेरा 'वस्तीची गाडी'. दुसऱ्या दिवशी सल्वाची सीमा, रात्री दोहा. सल्वाच्या अलीकडे वाळवंटात एका ठिकाणी 'विनंती थांबा' असंही होतं. तो मामींसाठी होता.

अडचणी आम्ही एकेक करून पुढे सरकवल्या. जहाजाच्या प्रवाशांची बंदरागणिक यादी असते. मध्येच उतरून पुढच्या बंदरात चढायला कंपनीची आगाऊ परवानगी लागते. मामा म्हणाले, अर्ज करू. बहरीनचा, सौदीचा आणि कतारचा प्रवेश या तीन वेगवेगळ्या भानगडी आहेत. मामा म्हणाले, तीन अर्ज करू. कित्येक जहाजांवर पासपोर्ट कचेरीत जमा करून घेतात. इथे मात्र मामा थबकले. "कंडक्टरकडे?" त्यांनी विचारलं. पॅसेंजरची वस्तू कंडक्टरने ताब्यात घेणं हे त्यांच्या नियमात बसेना. त्यावरही ते अर्ज करणारच होते.

आमचा पत्ता मात्र त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. इथे घर, रस्ता आणि ब्लॉक यांचे नुसते आकडे असतात. "हा पत्ता आहे की लॉटरीचं तिकीट?" मग नवऱ्याने सांगितलं, झिंजमध्ये अमेरिकेची वकिलात आहे, टॅक्सीवाल्याला तेवढं सांगा. परिणाम असा, की आता सांगलीत मामी सांगतात, भाचा अमेरिकेच्या शेजारी राहतो.

मामींनी आतापर्यंत तोंड उघडलं नव्हतं. चाळीस वर्षं एसटीच्या माणसाशी संसार केलेल्या बाईला वेळापत्रक कधी अडवायचं हे बरोबर कळतं. एका पहाटे (त्यांच्या) व्हिडिओ कॉलवर मागून आवाज आला, "त्या जहाजातल्या खोलीचे पैसे भरलेत ना?"

"भरलेत की."

"मग आपण होफुफला झोपणार आणि खोली रिकामीच दोह्याला जाणार?"

फोनवर शांतता पसरली. मामा कुणालाही ऐकले नसते. सौदीच्या वकिलातीला नाही, जहाजाच्या कप्तानाला नाही. पण रिकामी फेरी! समुद्री दृश्याची खिडकी, दोन खाटा, आणि त्यात एकही पॅसेंजर नाही! नोकरीत असताना ज्यासाठी त्यांनी लोकांना मेमो दिले, तेच पाप त्यांच्या नावावर चढणार होतं. दुसऱ्या दिवशी नवं वेळापत्रक आलं. 'मार्ग: फक्त बहरीन. मुक्काम: जहाजात.'

बहरीनच्या त्या एका दिवसाबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण दिवसही थोडकाच होता. खलिफा बिन सलमान बंदर हिद्दला आहे. आत खासगी गाडी जात नाही, जहाजाच्या बसने फाटकापर्यंत यावं लागतं. मामा त्या बसमधून उतरले ते ड्रायव्हरला शाबासकी देऊनच.

कलात अल-बहरीन या किल्ल्याखाली चार हजार वर्षांपूर्वीच्या दिलमुन संस्कृतीचे थर आहेत, पण मामांचा जीव पोर्तुगीजांत अडकला. ते इथे 1521 मध्ये आले आणि 1602 मध्ये हाकलले गेले, हे वाचून त्यांनी बोटांवर हिशेब केला. "वसई 1739. यांनी आपल्या आधी 137 वर्षं उरकलं." चिमाजी अप्पांच्या वतीने त्यांनी तटाला हात लावून नमस्कार केला. शेजारी एक जर्मन जोडपं उभं होतं. त्यांनीही लावला.

मुहर्रकला मोत्यांच्या व्यापाऱ्यांची जुनी घरं आहेत. आखाती मोत्यांची मोठी बाजारपेठ तेव्हा आपली मुंबई होती. पुढे 1930 च्या दशकात जपानच्या कल्चर्ड मोत्यांनी हा धंदा बसवला, आणि इथे ते मोती विकायला अजून बंदी आहे, असं मी सांगताच मामींनी गळ्यातला हैदराबादी सर हळूच पदराआड केला.

मनामाच्या जुन्या बाजारात, बाब अल-बहरीनच्या मागच्या गल्ल्यांत, श्रीनाथजींचं मंदिर आहे. सिंधमधल्या ठट्ट्याहून आलेल्या व्यापाऱ्यांनी ते उभारून दोनशे वर्षं उलटली. बहरीनचा दिनार आला 1965 मध्ये. तोवर इथे रुपया चालायचा. "रुपया चालत होता," मामा म्हणाले, "तर एसटीही चालली असती." मुंबईहून कराचीमार्गे आखातात येणारी ब्रिटिश इंडिया कंपनीची 'द्वारका' बोट 1982 पर्यंत चालू होती, हे मी त्यांना मुद्दामच सांगितलं नाही. ते तिचं वेळापत्रक मागत बसले असते.

दुपारी वाळवंटातलं 'ट्री ऑफ लाइफ' पाहिलं. चारशेहून अधिक वर्षांचं हे एकटं झाड. मामींनी पानं निरखली आणि म्हणाल्या, "अगं, ही तर शमी!" खरंच, ते आपल्या शमीच्या जातीचं, प्रोसोपिस सिनेरारिया. देशोदेशीचे लोक त्याच्यासमोर सेल्फी काढत होते. मामा मात्र सगळ्या बाजूंनी फिरून पांडवांची शस्त्रं कुठल्या फांदीवर असतील याचा अंदाज घेत होते.

परतीच्या वाटेवर झिंजला चहा. आमच्या घराजवळ अधारी नावाचा झरा होता. पूर्वी त्याच्या पाण्यावर दूरदूरच्या बागा पिकायच्या आणि जवळच्या सुक्या राहायच्या, त्यावरून 'अधारी लांबच्याला पाजते, जवळच्याला विसरते' अशी म्हण इथे पडली. भूजलाच्या उपशात झरा गेला. आता तिथे पाळणे आणि झोके असलेलं उद्यान आहे. मामांनी म्हण ऐकली, माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सांगलीला शेवटचा कधी आला होतास रे?" चहा मग जरा लवकरच आटोपला.

जहाजाने इकडे येणार असाल तर नोव्हेंबर ते मार्च या, बाकीचे महिने भट्टीचे. आणि एक लक्षात ठेवा. दुबई बहरीनच्या एक तास पुढे आहे आणि भारत अडीच तास. परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाने धरतात. ते घड्याळ कुठल्या देशाचं चाललंय, हे खाली उतरण्यापूर्वीच विचारून घ्या. स्वतंत्र फिरायला गेलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. रस्ता मोकळा असला तर झिंजहून बंदर अर्ध्या तासावर आहे, तेव्हा आमच्याकडे चहा होतो, जेवण होत नाही.