रिकामी सूनबाई

आमच्या गावात कोणत्याही कामाला बाईमाणूस कमी पडलं की एकच प्रश्न निघतो, "ते सूनबाई रिकामीच हाय ना?" सूनबाई म्हणजे आमच्या शेजारची. लाखनीहून आत वळलं की आमचं गाव, आणि गावाच्या शेवटच्या गल्लीत तिचं घर नि माझं घर पाठीला पाठ लावून उभं. दोघींच्या सांदवाडीमध्ये बांबूच्या कमच्यांचं कुंपण आहे, त्यावर पोपटाच्या शेंगांचा वेल चढलाय. वेल माझा, शेंगा दोघींच्या. त्या तोडायच्या निमित्तानं मला जे कळतं तेवढं ग्रामपंचायतीच्या दप्तरातही नसेल.

तर ऐका. गोष्ट 2025 च्या संक्रांतीच्या आठवड्याची.

सोमवारी सकाळी मी वांग्यात घालायला शेंगा तोडत होते, तर कुंपणाच्या पलीकडून आवाज आला, "काकू, जाडी सुई हाय का वो तुमच्याकडं?"

"कायले व?"

"पोट्टीच्या गुडघ्याच्या पट्ट्या उसवल्या. सांजच्याले कबड्डीची प्रॅक्टिस हाय तिची."

"मंग सांजच्याले शिव ना."

"सांजच्याले शाळेची मीटिंग हाय. दुपारी गटाचे पैसे भराले बँकेत जाचं हाय. अन् आता सासूबाईच्या गुडघ्याले तेल लावाचं हाय."

दोन गुडघे एका घरात, एक उड्या मारणारा आणि एक न वाकणारा, आणि दोन्ही तिच्याच वाट्याला. सुई दिली. आठव्या वर्गातली तिची मोठी पोरगी गावच्या मुलींच्या टीममध्ये आहे, चढाईला जाते. कोपऱ्यावरच्या आजींना ते अजिबात पसंत नाही. "पोट्टीच्या जातीनं पाय वढाचे लोकाइचे?" असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात. पण सामना असला की सगळ्यात पुढे खुर्ची टाकून बसतात आणि पंचाला शिव्याही देतात.

ही शाळेच्या समितीवर गेली कशी, तेही सांगते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती लावून दिली. तिच्यात पाऊण हिस्सा पालक हवेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. कायदा चांगला, पण निम्म्या बाया आणायच्या कुठून? रोवण्याच्या दिवसांत बैठक लागली की बाया बांधीत, चिखलात. मग कुणीतरी म्हणालं, सूनबाई रिकामी आहे, बारावी शिकलेली आहे, सही नीट करते. तिला वाटलं, सहीपुरतं आहे. पहिल्या बैठकीत सही केली. दुसऱ्या बैठकीत सही करायच्या आधी वर काय लिहिलंय ते वाचलं. पुरुष मंडळींचा चहा तिथेच थंड झाला. छपराच्या दुरुस्तीचा ठराव होता, आणि छप्पर तर गळतच होतं. त्यानंतर ती जी लागली ती लागलीच. आता पोषण आहाराची खिचडी पोरांना वाढायच्या आधी चाखायला तिलाच बोलावतात. बुधवारी मी विचारलं, कशी होती? "मीठ कमी, हरद जास्त. पर डाळ होती," म्हणाली. डाळ होती हे तिनं ज्या समाधानानं सांगितलं त्यावरून मागे कधीतरी नसावी.

बचत गटाची ती सचिव आहे. सरकारच्या उमेद अभियानाचा गट, दर आठवड्याला बैठक, दर आठवड्याला बचत, आपसात कर्ज, वेळेवर फेड आणि वह्या चोख, हा नेम. बैठक आणि बचत सगळ्या करतात. वह्या मात्र एकटी लिहिते. आणि कर्ज थकलेल्या बाईच्या घरी जायचं कोणी? तिनंच. तेही असं जायचं की बाईला लाज वाटू नये आणि पैसेही यावेत. मी तिला जाताना पाहिलंय. हातात रिकामी वाटी घेऊन जाते, साखर मागायला. गप्पा होतात, साखर मिळते, निघताना उंबऱ्यावर हळूच हप्ता निघतो. बँकेत वसुलीला साहेब ठेवतात. त्यांनी हिच्याकडे शिकायला यावं.

मंगळवारी संक्रांत. तिच्याकडे हळदीकुंकू होतं आणि गल्लीतल्या आम्ही सगळ्या गेलो. तिळगूळ झाला, वाण झालं, तेवढ्यात कुणाचं तरी कुंकू फिसकटलं. आरसा कुठाय? भिंतीवर खिळा होता, आरसा नव्हता. सासूबाई ओरडल्या, "घरातला आरसा कोनं नेला व?" आतून पोराचा आवाज आला, "माझ्यापाशी हाय!"

पोरगं पाचवीत. शनिवारी 18 तारखेला त्याची नवोदयची परीक्षा. देशातल्या पहिल्या दोन नवोदय शाळांपैकी एक आपल्या अमरावतीची, त्यामुळे विदर्भात या परीक्षेचं वेड जुनं. दोन तासांत 80 प्रश्न, आणि त्यातले 40 आकृत्यांचे: कोणती वेगळी, पुढची कोणती, आरशात कशी दिसेल. पोराला सगळं जमायचं, आरशाचं मात्र घोडं अडायचं. क्लास लावायचा तर लाखनीला, आणि धानाचे चुकारे अजून आलेले नाहीत. म्हणून हिनं भिंतीवरचा आरसा काढला, वहीतल्या आकृतीशेजारी उभा धरला आणि म्हणाली, "आता पाय. अन् आता आरसा काढून सांग." पंधरा दिवस घरातली माणसं मोबाइलात बघून भांग पाडत होती म्हणे. आम्ही बाया कुंकू विसरून आकृत्या सोडवत बसलो. माझ्या तीन चुकल्या. कोपऱ्यावरच्या आजींची एकही चुकली नाही. आयुष्यभर गोधड्यांवर ठिगळं जुळवली, त्यांना उलटं-सुलटं काय सांगायचं!

गुरुवारी बाजार होता. तिनं लाखोरीची भाजी आणली, दोन जुड्या मला दिल्या. 1961 पासून या लाखोरीच्या विक्रीवर किती वर्षं बंदी होती. आमच्याकडे ती धानाच्या बांधीत येतच राहिली आणि आम्ही खातच राहिलो. भाजी निवडता निवडता तिनं बातमी दिली, तेव्हा माझ्या हातातली जुडी खाली पडली.

"काकू, शुक्रवारी पट हाय. अन् राती नाटक."

"शुक्रवारी? शनिवारी तर पोट्ट्याची परीक्षा!"

"मंग काय करू? पटाची तारीक मले इचारून ठरवतेत का?"

झाडीपट्टीत पट म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कळणार नाही. दिवसा बैलजोड्या पळतात आणि रात्री वडसा देसाईगंजच्या मंडळींचं नाटक, जेवणं आटोपल्यावर सुरू होतं ते कोंबडं आरवेपर्यंत. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत हा हंगाम. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी, आपल्यालाच मिळाली असावी, अशा मिशा पिळल्या. मधली काही वर्षं कोर्टामुळे बैल पळत नव्हते. डिसेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली आणि गावोगावी गुलाल उधळला. गुलालात एकही बाई नव्हती, हे मी मुद्दाम पाहून ठेवलंय. कारण पट म्हणजे पाहुणे. लेकीबाळी, जावई, जावयाचे मित्र, मित्राचा बैलवाला. तिच्याकडे शुक्रवारी किती माणूस होतं ते मोजता येईना, म्हणून मी ओसरीवरच्या चपला मोजायला लागले तर तेवढ्यात आणखी आल्या.

दिवसभर तिची चूल विझली नाही. पातोडीचा रस्सा, सुवाऱ्या, वडे. नणंदा आल्या होत्या, त्यांना माहेरी काम सांगायचं नाही. जावयांना तर कुठेच सांगायचं नाही. त्यात गटाच्या बायांनी नाटकाच्या मंडपाबाहेर चहा-आलूबोंड्याचं दुकान लावायचं ठरवलेलं. ठरवलं सगळ्यांनी, पीठ भिजवलं हिनं. कारण? रिकामी होती ना!

संध्याकाळी मंडपातून "हॅलो, माइक चेक" सुरू झालं आणि कुंपणापाशी ती पहिल्यांदा रडकुंडीला आलेली दिसली. "पोट्टं झोपन कुठी काकू? सकारी साडेअकराले पेपर हाय."

मी म्हटलं, माझ्याकडे पाठव. दोघीही हसलो, कारण भोंग्याचं तोंड नेमकं माझ्या खिडकीकडे होतं.

मग तिनंच तोड काढली. नवरा राईस मिलमध्ये कामाला. त्या दिवसांत शेतावर उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकलेले, आणि शेताची लाईन रात्रीची. म्हणजे तो मोटर लावायला रात्री शेतावर जाणारच होता. ती म्हणाली, पोराला घेऊन जा. झोपडीत तणस अंथरा, वर गोधडी टाका, भोंगा तिथवर पोचत नाही. सासूबाईंनी आकांत मांडला, नागझिऱ्याकडून वाघ उतरतो म्हणून. त्यावर ती म्हणाली, "वाघ तरी चुपचाप येते, माय. त्याच्या हाती माइक नसते."

पोरगं गेलं. तणसावर रात्रभर गाढ झोपलं. इकडे ही मंडपाबाहेर कढईसमोर, दुसऱ्या अंकापर्यंत आलूबोंडे तळत आणि मधेमधे घरी पळत, पाहुण्यांना गोधड्या पुरल्या का बघायला. नाटकातल्या नायिकेवर काय काय संकटं आली ते तिला आजपर्यंत माहीत नाही. मी पुढच्या रांगेत बसून सगळं पाहिलं आणि सांगते, नायिकेचं एवढं काही नव्हतं.

पहाटे पाहुण्यांचा चहा झाला, मोठीची वेणी झाली, आणि ही डोळे लाल घेऊन पोराला बसमध्ये बसवायला निघाली. केंद्रावर सोडायला नवरा गेला. इथून पुढचं ऐका, कारण सांगण्यासारखं इथेच आहे. दुपारपर्यंत गावभर झालं, "बाप असावा तर असा! लेकराच्या परीक्षेसाठी नाटक सोडलं, रातभर शेतात थंडीत काढली." पारावर झालं, पिठाच्या चक्कीवर झालं. कोपऱ्यावरच्या आजींनी तर डोळे पुसले. नवरा साधा माणूस, तो दोन-तीनदा म्हणालाही, अरे मोटर लावायची होती. पण कौतुक करायला निघालेल्या गावाला कोण अडवतो?

मी कुंपणापाशी वाट बघत होते. आली, तोडलेल्या शेंगा उचलल्या आणि सोलायला बसली.

"ऐकलं का व? गाव तुझ्या नवऱ्याची आरती करून रायलं."

"ऐकलं. होऊ द्या ना. चांगलाच हाय तो."

"अन् तू?"

"मी काय? मी कुठी गेली होती? गावातच तं होती."

मला राग आला. तिला आला नाही, किंवा तिनं दाखवला नाही. बावीस वर्षं अंगणवाडी सांभाळूनही मला बायांचं हे गणित सोडवता आलेलं नाही. मी विचारलं, इतकं सगळं अंगावर घेतेस कशाला? एक तरी पद सोड. तेव्हा मात्र तिनं शेंग सोलता सोलता वर पाहिलं. "काकू, घरातली कामं मी केली तं कोनी इचारत नाई, नाई केली तं काहून नाई केली ते मात्र इचारते. शाळेत मी उभी रायली तं हेडमास्तर खुर्ची देते. गटात मी वही उघडली तं सगळ्या चुप बसते. ते कायले सोडू? सोडाचंच तं पाहुण्याइचे वडे सोडते ना!"

यावर मला काही बोलता येईना, म्हणून मी पेपरचं विचारलं. पोरगा म्हणाला म्हणे, आरशाचे सगळे आले, भाषेचा उतारा मोठा होता. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर तिच्या डोक्यात आलूबोंडे होते. माल सगळा संपला होता, गल्ल्यात मात्र पैसे कमी भरत होते. रात्रीच्या गर्दीत पुष्कळांनी "लिहून ठेव" म्हणून खाल्लं होतं. आणि ती लिहून ठेवणारी बाई. कमरेची छोटी वही काढून तिनं मला दाखवली, तारीख, नाव, नग, सगळं.

"आता हे वसूल कशी करशील? साखर मागाले जाशील का एवढ्याइच्या घरी?"

"नाई. पुढच्या रविवारी सव्वीस जानेवारी. झेंडा झाला का ग्रामसभा. सगळा गाव बसलेला रायते. तिथीच वाचून टाकीन."

"अवो बाप्पा! पयलं नाव कोनाचं हाय?"

ती जरा घुटमळली. मग वही माझ्याकडे फिरवली. सात चहा, चार आलूबोंडे, आमच्या घरच्यांच्या नावावर. आणि गृहस्थ मला सकाळी सांगत होते, गुडघे दुखत होते, रात्रभर कानाला मफलर बांधून ओसरीवर झोपलो होतो!