ओला कागद, कोरडे सर

उपयोजित कला, म्हणजे जाहिरात, वेष्टन, बोधचिन्ह अशा गिऱ्हाइकाच्या कामी येणारी कला, तीसेक वर्षे शिकवून निवृत्त झालेले आणि मग जलरंगांकडे वळलेले ‘सर’ हा महाराष्ट्राच्या कलाव्यवहारातील एक स्वतंत्र वर्ग मानावा लागतो. आपण वळलो नसून परतलो आहोत, असा या वर्गाचा आग्रह असतो, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ शाळेत मिळवलेले इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे प्रमाणपत्र माळ्यावरून काढून नव्या चौकटीत बसवले जाते.

पहिली खरेदी दणक्यात होते. 300 ग्रॅमचा, म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे वजन भरणारा, पाण्याने सहसा न फुगणारा सुती कागद आणला जातो. पण त्याची किंमत आठवत राहिल्याने तो कपाटात जपला जातो, सराव महाविद्यालयातून आणलेल्या पाठकोऱ्या कागदांवर चालतो, आणि ते पापडासारखे वेडेवाकडे झाले की दोष हवेतील दमटपणाला दिला जातो.

खरी पंचाईत पांढऱ्याची होते. पोस्टर रंग अपारदर्शक असल्याने त्यात चूक झाकता येते. जलरंग पारदर्शक असल्याने त्यात पांढरे म्हणजे न रंगवलेला कागद, आणि जे राखायचे ते आधीच राखावे लागते. चित्रकार सावळाराम हळदणकरांच्या जलरंगांचा दाखला देत हे सरांनीच वर्गात वर्षानुवर्षे सांगितलेले असते. तरी निसर्गचित्रासाठी वाईजवळच्या मेणवलीच्या नदीघाटावर गेल्यावर त्यांच्या झोळीत पोस्टर रंगातील पांढऱ्याची बाटली सापडतेच.

तेथे तीन लघुरेखाटने, चौकटींची आखणी आणि दोन चहा झाल्यावर आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एका दमात ओढलेला सलग थर, दिला जातो. तो वाळेपर्यंत हात लावायचा नसतो. परंतु हयातभर दुसऱ्यांच्या कामात दुरुस्त्या केलेला हात स्वस्थ बसत नाही. अर्धवट वाळलेल्या थरात पाण्याचा थेंब पडला की तो रंगकणांना कडेला ढकलतो आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दातेरी डाग उमटतो. पायरीवर धुणे आपटणारी बाई डोकावून म्हणते, “बाबा, झाड झ्याक आलंय की!” सर तिची चूक दुरुस्त करत नाहीत, डागाखाली एक बुंधा काढतात, आणि मग कोपऱ्यात, डोळे बारीक करून, दोन अक्षरांमधील अंतर तीनदा तपासून सही करतात.