भवानी कोण करणार?

तीन डिसेंबर जवळ आला की विद्यापीठांतल्या शाली बाहेर निघतात. जागतिक दिव्यांग दिन! एखाद्या दिव्यांग उद्योजकाला बोलवायचं, श्रीफळ द्यायचं, तासभर प्रेरणा घ्यायची. पाहुणे व्यासपीठावर चढणार कसे, हा प्रश्न मात्र शिपायांचा. रॅम्प आहे, नाही असं नाही. तो पुढच्या दाराशी आहे, मूल्यांकनाला येणारी 'नॅक'ची समिती तिथूनच आत येते.

भाषणातली उदाहरणं ठरलेली. महाबळेश्वरचे भावेश भाटिया : दृष्टी गेली, मुंबईत अंधांसाठीच्या 'नॅब' संस्थेत मेणबत्त्या करायला शिकले, १९९४मध्ये धंदा सुरू केला तो हातगाडीवर. हैदराबादचे श्रीकांत बोल्ला : जन्मतः अंध, अकरावीला विज्ञान शाखा मिळावी म्हणून कोर्टात गेले, आयआयटीच्या क्लासवाल्यांनी दार लावलं, अमेरिकेतल्या 'एमआयटी'नं उघडलं, परत येऊन २०१२मध्ये कारखाना काढला. टाळ्या पडतात. पण या दोन्ही गोष्टींत आपल्या विद्यापीठांचा वाटा शोधायला जावं, तर एकीत हातगाडी सापडते आणि दुसरीत विमान.

दिव्यांग हक्क कायदा २०१६चा. महाराष्ट्राचा सार्वजनिक विद्यापीठ कायदाही नावानं २०१६चाच. पहिल्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातांचे एकवीस केले, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखल्या. दुसऱ्यानं नवोपक्रम आणि नवउद्योगांच्या इन्क्युबेशनची सोय लावली. झाल्या दोन फायली. दिव्यांग कक्षाच्या लेखी दिव्यांग पोरगा म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज. इन्क्युबेशनवाल्यांच्या लेखी तो नाहीच, कारण त्यांचं दालन वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट 'प्रस्तावित'. कर्णबधिर मुलगी चुकून पोचलीच, तर पाच मिनिटांत तोंडी 'पिच' करायचं असतं. सांकेतिक भाषेचा दुभाषी? तो तिनंच आणायचा.

उद्योजकता शिकवायला निघालात तर आधी लेखनिक म्हणजे काय ते बघा. अंध विद्यार्थ्याला परीक्षेसाठी माणूस शोधावा लागतो. स्वतःचा आणायचा तर तो शिक्षणानं एक पायरी खालचा हवा. शिवाय त्याचं अक्षर बरं हवं, त्याची स्वतःची परीक्षा त्या दिवशी नको, बसचं भाडं याच्या खिशातून. ऐन सकाळी त्यानं फोन बंद ठेवला, तर दुसरा हाताशी हवा. माणसं जमवणं, पर्याय ठेवणं, घासाघीस, वेळेत माल पोचवणं, सगळं आलं. एमबीएवाले हेच फी भरून शिकतात. आणि याला आपण कार्यशाळेत काय शिकवतो? आत्मविश्वास!

केंद्राचं २०१९चं नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण म्हणतं, स्टार्टअप करणाऱ्या विद्यार्थ्याची हजेरी कमी भरली तरी परवानगीनं परीक्षेला बसू द्या. छान. ती सवलत या मुलांपर्यंत पोचवा, इन्क्युबेशनची खोली तळमजल्यावर आणा. एवढं फुकटात होईल. खरी गरज वेगळी आहे. धंद्याला भाषण लागत नाही, भवानी लागते. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक.

ते गिऱ्हाईक विद्यापीठानं स्वतःच व्हावं की! संकेतस्थळावरचे निकाल स्क्रीन रीडर वाचू शकतो का, हे अंध विद्यार्थ्याइतकं कोण चोख तपासेल? व्याख्यानांच्या व्हिडिओंना उपशीर्षकं, क्रमिक पुस्तकांच्या ऐकता येतील अशा प्रती, इमारतींची सुगम्यता तपासणी, ही कामं विद्यापीठाला कायद्यानं करायचीच आहेत आणि त्यांचे पैसे बाहेरच्या एजन्सीला जातातच. घरचेच दिव्यांग विद्यार्थी ही कामं स्वतःसाठी रोज फुकट करतात. त्यांना बिल लावू द्या.

पण निविदा मागवली की अट येते : मागील तीन वर्षांची उलाढाल, अनुभवाचे दाखले, अनामत रक्कम. एस.वाय.च्या पोराकडे मागील तीन वर्षांत अकरावी, बारावी आणि एफ.वाय. असतात. नोंदणीकृत स्टार्टअपना उलाढालीची आणि अनुभवाची अट शिथिल करता येते, ही सोय केंद्राच्या खरेदीत केव्हाचीच आहे. आमच्या खरेदी विभागाला ती प्रेरणादायी वाटलेली दिसत नाही.

असो. यंदाच्या तीन डिसेंबरच्या निमंत्रणपत्रिका बाहेर छापायला गेल्यात. मानपत्राची फ्रेमही तिकडूनच येईल.