सरकारी पारा सावलीत

उन्हाळा लागला की सूचनांचा हंगाम सुरू होतो. दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका, सैल सुती कपडे घाला, ताक-पन्हे प्या. सूचनांत खोट काढण्यासारखे काही नाही. त्या पाळायला फक्त पगारी नोकरी, स्लॅबचे घर आणि फ्रीज लागतो. सेंटरिंगवरच्या मजुराने खाडा केला तर त्याचा रोज बुडतो, आणि बुडालेला रोज भरून देण्याविषयी पत्रक मौन पाळते. दुपारी सळई उघड्या हाताने धरवत नाही म्हणून तो तिला चिंधी गुंडाळतो. (सुती कापडाचा हा वापर सूचनेत बसतो का, याचा खुलासा संबंधित खात्याने करावा.) घरी बसायचे ठरवले तरी बसणार पत्र्याखाली, जिथे पंखा गरम हवा या भिंतीकडून त्या भिंतीकडे पोचवतो.

अर्थात, यात सरकारचा नाइलाज होता, कारण ऊन ही कागदोपत्री आपत्तीच नव्हती. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी शिफारशी केल्या, तेव्हा राष्ट्रीय यादीत १२ आपत्ती होत्या. त्यांत हिमस्खलन होते, त्सुनामी होती, थंडीची लाटही होती. उष्णतेची लाट नव्हती. म्हणजे चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाने हिमकड्यांबाबत निर्धास्त असावे. यादी वाढवा, ही राज्यांची विनंती आयोगाला फारशी पटली नाही आणि केंद्र सरकार संसदेत त्याच उत्तराचा आधार घेत राहिले. पळवाट तेवढी आधीपासून होती: आपत्ती निधीतली १० टक्क्यांपर्यंत रक्कम राज्यांनी आपापल्या स्थानिक आपत्तींवर खर्चावी. ओडिशाने २०१५ मध्ये आणि तेलंगणाने २०२५ मध्ये ती वाट धरली. तेव्हा उन्हात कोसळणाऱ्याने आधी हद्द पाहून घ्यायची होती; एका राज्यात तो आपद्ग्रस्त ठरत होता, दुसऱ्यात निष्काळजी.

ऊन तर दरवर्षीच पडते, त्यात आपत्ती कसली, असे विचारणारे आहेत. पूरही दरवर्षी येतो, आणि तो यादीत सुखाने नांदतो. त्याहून वजनदार आक्षेप पुराव्याचा आहे. माणूस उन्हानेच गेला हे ठरवायचे कसे? दवाखान्याच्या कागदावर बहुधा हृदय बंद पडल्याचे लिहिलेले असते, आणि हृदय तर प्रत्येकाचेच शेवटी बंद पडते. ही अडचण खरी आहे. पण तिच्यातून निघते ते एवढेच की मदतीसाठी मरणाची वाट पाहू नये. ‘सेवा’ संघटनेच्या उष्मा विम्यात पारा ठरलेल्या पातळीवर गेला की कष्टकरी बायकांच्या खात्यात थेट पैसे जमा होतात; २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो जणींना ते मिळाले. रक्कम फार नाही, पण मेल्याचा दाखला मागितला जात नाही, ही सोय मोठी.

राहिला पारा. हवामान खात्याच्या निकषात लाट ठरण्यासाठी मैदानी भागात किमान ४० आणि किनाऱ्यावर ३७ अंश लागतात, शिवाय सहसा सरासरीहून पुरेशी वाढ लागते. मोजणारा तापमापक पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत लटकतो. शास्त्राला तेच हवे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र डांबर अंथरणारा त्या पेटीत राहत नाही. कोकणपट्टीत दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि शरीर निवत नाही, पण या दमटपणाला त्या आकड्यांत जागा नाही.

दुपारी काम थांबवले तर अर्थव्यवस्था बसेल, ही चिंताही ऐकू येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार २०३० मध्ये भारताचे ५.८ टक्के कामाचे तास उष्णतेच्या ताणाने वाया जातील, म्हणजे सुमारे ३.४ कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके काम. अर्थव्यवस्था अशीही बसतेच आहे. फक्त तोटा सध्या मजुराच्या खात्यावर टाकलेला आहे. सरकारला दुपार थांबवता येत नाही असेही नाही. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हात झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जण दगावले, आणि काही दिवसांतच राज्यात १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेण्यास मनाई झाली. मनाई कार्यक्रमांना होती. त्यांच्या मांडवाचे खांब पुरणाऱ्यांना नव्हती.